चार सह्यांचा आराखडा

१

फळीवर चार चिमटे होते आणि चिमट्यांत काहीच नव्हतं. त्या रिकाम्या फळीकडे बोट दाखवून दादा दहा मिनिटं ओरडत होता आणि मी गुडघा धरून स्टुलावर बसले होते. सकाळी नऊलाच वहिनीचा फोन आला होता, की वन्सं, आत्ताच्या आत्ता या, नाहीतर आज इथे कुणाच्या तरी पोटावर पाय येणार आहे.

अठ्ठावीस वर्षं मी विमा कंपनीसाठी बुडालेल्या, जळालेल्या आणि 'आपोआप' फुटलेल्या बोटी तपासल्या. निवृत्त झाल्यावर लोक मला लग्नामुंजींना बोलावतील असं वाटलं होतं. बोलावतात ते भांडणांना.

दादाचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. घरात तो दादा, इथे उस्ताद. गेले दोन महिने इथे एका स्पीडबोटीसाठी सुपरचार्जरवाल्या इंजिनाचा आराखडा चालला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसून त्याच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त, आणि डोक्याला तापही जास्त. गाडीचं इंजिन घटकाभर जोर लावतं आणि दम खातं. बोटीच्या इंजिनाला दम खायची सोय नसते. त्यामुळे पिस्टन कुठले, हवेचा दाब किती, ती हवा गार करायला समुद्राचं पाणी किती खेळवायचं, हे सगळं आधी कागदावर जमवावं लागतं. एक आकडा चुकला तर शर्यतीच्या मध्यात पिस्टनला भोक पडतं, आणि या बोटीच्या सुकाणूवर दादाची मुलगी बसणार होती.

दोन महिन्यांची ती सगळी अक्कल एकाच मोठ्या कागदावर होती. खाली चौघांच्या सह्या. दादाची, टर्नरची, स्टोअर सांभाळणाऱ्या वहिनीची आणि माझ्या भाचीची. सोमवारी संध्याकाळी कागद फळीवर होता आणि मंगळवारी सकाळी नव्हता. कुणी फोटो काढलेला नव्हता, कारण फोटो बाहेर फुटतात म्हणून दादाचीच बंदी होती. आज शनिवार. चार वाजता बोटीचा मालक आराखडा बघायला येणार होता.

मी विचारलं, संशय कुणावर आहे. दादानं लेथकडे मान उडवली. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, सूतभर उभा होता. टर्नरला सगळे सूतभर म्हणतात, कारण वीस वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा तो प्रत्येक जॉब बघून म्हणायचा, "सूतभर कमी करू या."

"चारपर्यंत कागद आला नाही तर त्यानं सोमवारी येऊ नये," दादा म्हणाला. "आणि का येऊ नये ते मी सगळ्या धक्क्यावर सांगेन."

म्हणजे नुसती नोकरी नव्हे. वीस वर्षं इथे राबलेल्या माणसाला चोर म्हणून हाकलायचं होतं, आणि तेव्हा अकरा वाजले होते.

२

स्टोअरमध्ये वहिनी रिकाम्या मांडण्यांसमोर वैतागून बसली होती. फिल्टर नाहीत, नट नाहीत, गॅस्केट पेपरचा रोल तर गेल्या आठवड्यातच संपला, आणि पुरवठादार नुसता "आज पाठवतो" म्हणतो. गॅस्केट पेपर म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मध्ये दाबून बसवायचा जाड राखाडी कागद. त्यानं तेल-पाणी गळत नाही. बोटींच्या वर्कशॉपमध्ये तो नसला म्हणजे स्वयंपाकघरात मीठ नसल्यासारखं. मी तिला मध्येच तोडलं. माझ्याकडे पाच तास होते आणि ती मला नटांच्या गोष्टी सांगत होती.

मी सरळ विचारलं, कागद तुम्ही घेतलात का. मुलीनं ती बोट चालवू नये म्हणून ती दोन महिने दादाशी भांडत होती, हे मला माहीत होतं. म्हणजे कारण सगळ्यात मोठं तिच्याकडेच होतं.

वहिनीला राग आला नाही. "वन्सं, मी तो कागद जाळला असता," ती म्हणाली. "पण जाळून गप्प बसले नसते. राख यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली असती." माझ्या भावाचा संसार बत्तीस वर्षं जवळून पाहिल्यामुळे मला ते पटलं.

मग मालकाला फोन लावला. त्याला सुपरचार्जरपेक्षा दोन साधी इंजिनं बरी वाटत होती, हे तो उघड बोलायचा. पण तो गुरुवारपर्यंत गावातच नव्हता, आणि आराखडा आवडला नसता तर नाही म्हणायला त्याला चोरीची गरज नव्हती. फोन ठेवता ठेवता त्यानं तक्रार केली, की तुमच्या भावाचं काहीतरी बिनसलं आहे. गुरुवारी त्यानं सहज 'झाकण्या'चा किस्सा सांगा म्हटलं, तर उस्ताद अंगावरच आले.

झाकण्याचा किस्सा मला पाठ आहे. पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्या धक्क्यावरच्या एका मेकॅनिकनं बोटीत एवढं मोठं इंजिन बसवलं, की वरचं झाकण लागेना. शर्यतीचा नियम असा, की झाकण सपाट बंद झालंच पाहिजे आणि ते कापायचं नाही. बिचारा झाकण दोरीनं बांधून आला आणि पंचांनी त्याला परत पाठवलं. तेव्हापासून त्याचं नाव झाकण्या पडलं, ते पाडलं दादानंच. चहाचा कप हातात आला की दादा हा किस्सा सांगतो. आमच्या वडिलांच्या तेराव्यालाही त्यानं तो सांगितला होता.

आणि गुरुवारी कुणी मागितला तर तो अंगावर आला. मी फोन खिशात टाकला आणि लेथकडे गेले.

३

सूतभरकडून एक वाक्य काढायचं म्हणजे गंजलेला बोल्ट काढायचा. मी त्याला विचारून विचारून भंडावून सोडलं आणि त्यानं मला हो आणि नाही यांच्यावर वाटेला लावलं. सोमवारी तो दुपारी ओतकामाच्या कारखान्यात गेला होता का? हो. कधी परत आला? पाचला. तेव्हा कागद फळीवर होता का? होता. मग काय केलं? काम केलं.

कसलं काम, हेही विचारून काढावं लागलं. सहाच्या सुमाराला एक मासेमारीची बोट आली होती. तिचा पाण्याचा पंप गळत होता. पंप खोलून, नवीन गॅस्केट टाकून त्यानं तो मंगळवारी सकाळी बसवून दिला.

"गॅस्केट तुम्ही कापलंत?"

"उस्तादांनी कापून दिलं. मी बसवलं." हे म्हणताना त्यानं लेथ पुसायला घेतलं, जे आधीच स्वच्छ होतं.

मग मी वहिनीनं फोनवर सांगितलेल्या पत्राचं विचारलं. दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपनं त्याला बोलावलं होतं आणि ते पत्र बुधवारी दादाला त्याच्या डब्याच्या पिशवीत दिसलं होतं. तिथूनच सगळं पेटलं. पत्र आहे, असं सूतभर म्हणाला. उत्तर दिलंत का, तर म्हणाला, "ते माझं मी बघेन, ताई."

मला राग आला. माणसाला वाचवायला यावं आणि त्यानं दाराला आतून कडी घालावी, असा प्रकार. मी म्हटलं, निदान एवढं तरी सांगा, त्या कागदावरचे आकडे तुम्हाला आठवतात का.

त्यानं न थांबता पिस्टनपासून पट्ट्याच्या चाकापर्यंत सगळे आकडे म्हणून दाखवले. मंगळवारीच त्यानं दादाला म्हटलं होतं, की मी संध्याकाळपर्यंत दुसरा कागद लिहून देतो.

"मग?"

"उस्ताद म्हणाले, चोराच्या हातचा आराखडा मला नको."

मी तिथल्या तिथे उभी राहिले. पत्र दादाला दिसलं ते बुधवारी. मग मंगळवारी तो सूतभरला चोर का म्हणाला होता?

४

दादाला मी पुन्हा गाठलं. तो ड्रॉवर उपसत होता, पाच दिवसांत चौथ्यांदा. मी म्हटलं, सूतभर सगळे आकडे लिहून देतोय तर घे की, चोर नंतर शोधू. तो म्हणाला, तुला यातलं कळत नाही. अठ्ठावीस वर्षं माझ्या घरच्यांनी मला हेच सांगितलं आहे, त्यामुळे मी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला. कोपऱ्यात ते लाकडी काय आहे?

ती डमी, तो म्हणाला. सुतारानं आराखड्याच्या मापानं बनवलेलं लाकडी इंजिन, सुपरचार्जरसकट. खरं इंजिन बांधण्याआधी ते बोटीत ठेवून बघायचं, सगळं मावतं की नाही. सोमवारी दुपारी सगळे बाहेर असताना सुतार टाकून गेला.

"ठेवून बघितलंस का?"

"या गोंधळात कुणाला वेळ आहे?" तो म्हणाला आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये घुसला.

मी डमीजवळ गेले. अगदी वरच्या टोकाला मऊ मातीचा एक गोळा चिकटलेला होता. ही इंजिनवाल्यांची रीत मी शंभर वेळा पाहिली आहे. कुठे किती जागा उरते ते बघायचं असलं की मातीचा गोळा ठेवायचा, वरून झाकण लावायचं, मग उघडून चपटलेल्या मातीची जाडी मोजायची. इथे माती कागदासारखी पातळ झाली होती, आणि तिच्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती.

तशी जाळी वर्कशॉपमध्ये कशालाच नव्हती. मी बोटीवर चढले, म्हणजे गुडघ्याच्या नावानं बोटं मोडत वर गेले. मागचं झाकण उचललं. आवाज दबावा म्हणून त्याच्या आतल्या बाजूला भोकाभोकांचं अस्तर लावलेलं होतं. त्यात मधोमध एक गोल खड्डा पडला होता आणि खड्ड्यात मातीचे कण होते. कुणीतरी झाकण बंद करायला चांगलाच जोर लावला होता. भाचीला हाक मारली आणि टेप लावून घेतली. इंजिनाच्या पायापासून झाकणापर्यंतची जागा आणि डमीची उंची. डमी चार बोटं जास्त होती.

दोन महिने पिस्टन, दाब, पाणी, इंधन यांचा कीस काढला, आणि झाकणाच्या आतल्या अस्तराचं आणि त्याखालच्या आडव्या पट्टीचं माप कुणीच धरलं नाही. पंधरा वर्षं झाकण्याला हसणारा माझा भाऊ स्वतः झाकण्या झाला होता.

भाची झाकण धरून उभी होती. मान खाली घालून ती म्हणाली, "आत्या, सूतभरकाका दोन आठवड्यांपूर्वी म्हणाले होते, झाकणाचं माप घेऊ या. बाबा म्हणाले, तू लेथ बघ."

पण यातून एवढंच कळत होतं, की दादाला आराखडा नकोसा झाला होता. कागद त्यानंच नाहीसा केला हे दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. सव्वादोन झाले होते.

५

मी बोटीच्या कडेवर बसले आणि चिडून चिडून विचार केला. भाचीला विचारलं, आराखडा कसल्या कागदावर काढता?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. गॅस्केट पेपरच्या मागच्या बाजूला, आणखी कशावर? तेलाचा हात लागला तरी तो खराब होत नाही. दादा पहिल्यापासून तसंच करतो.

वहिनीच्या ज्या रडगाण्याला मी सकाळी तोडलं होतं, ते आता मला शब्दन् शब्द आठवलं. रोल गेल्या आठवड्यात संपला. नवा आला नाही. मग सोमवारी संध्याकाळी पंपाचं गॅस्केट कापलं ते कशातून?

अख्ख्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी गॅस्केट पेपरचा एकच तुकडा होता आणि तो चार चिमट्यांत होता.

मासेमारीची बोट अजून धक्क्याला होती. तिच्या मालकाला मी विम्याच्या काळापासून ओळखते, आणि तो मला तेव्हापासून घाबरतो. भाचीनं सहा बोल्ट काढले, पंपाचं तोंड उघडलं आणि गॅस्केट अलगद सोडवून हातात दिलं. तळहाताएवढं, मध्ये भोक. ग्रीस पुसल्यावर खालून पेन्सिलीच्या रेघा दिसायला लागल्या. एक तुटका आकडा, दोन उभ्या रेघा, आणि भोकाच्या कडेला एक अख्खी सही.

भाचीनं ती लगेच ओळखली. सूतभरची होती. लिहिलेली बाजू वर ठेवून ते बसवलं होतं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "हे तर काकांनीच बसवलं होतं ना?"

६

दादा केबिनमध्ये होता. मी दार लावलं आणि गॅस्केट टेबलावर ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं आणि खुर्चीत बसला. मग सगळं सांगितलं, मी न विचारता. सोमवारी दुपारी डमी एकट्यानं कप्पीवर चढवून बोटीत ठेवली, झाकण लागेना, जोर लावला, तरी लागेना. संध्याकाळी सगळे गेल्यावर कागद उतरवला. फाडणारच होता. पण पंपवाला बाहेर खोळंबला होता, स्टोअरमध्ये कागद नव्हता, आणि एवढा चांगला गॅस्केट पेपर नुसता फाडून टाकणं त्याच्या हाताला जमेना. एका कोपऱ्यातून गॅस्केट कापलं, उरलेल्याचे तुकडे तेलकट चिंध्यांच्या पिंपात टाकले. ते पिंप मंगळवारी सकाळी गेलं.

"पंधरा वर्षं मी त्याला हसलो," दादा म्हणाला. "आता सगळा धक्का मला हसला असता."

"म्हणून सूतभरला चोर करायचं?"

"आधी रागात तोंडातून गेलं. मग ते पत्र दिसलं, आणि मला सोपं झालं."

विम्याच्या कामात हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं होतं. सख्ख्या भावाकडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, ऊठ, आणि हेच बाहेर येऊन सांग, जसंच्या तसं. तो म्हणाला, कागद हरवला असं सांगू या ना. मी दार उघडून धरलं.

बाहेर येऊन त्यानं सांगितलं. सूतभर ऐकत होता, वहिनी स्टोअरच्या दारात होती, भाची तिच्या मागे. दादाचा आवाज इतका खाली गेला होता, की वहिनीनं जाऊन पंखा बंद केला. सांगून झाल्यावर सूतभरच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. स्वतःची सही समोर दिसत असताना कुठला माणूस गॅस्केट बसवेल आणि त्याला कळणार नाही? मंगळवारी सकाळपासून, दादानं तोंड उघडायच्या आधीपासून, त्याला सगळं माहीत होतं. हे मी मोठ्यानं बोलून दाखवलं.

दादानं त्याच्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो," सूतभर म्हणाला. "मंगळवारी वाटलं, आज बोलाल. मग वाटलं, उद्या."

दादा माफी मागायला लागला, ती त्याला जमत नव्हती, अर्ध्या वाक्यात अडकला. सूतभरनं मान हलवून ती घेतली, अर्धी होती तेवढीच.

चारला मालक आला. सूतभरनंच त्याला समजावलं, की डोक्यावर बसणारा सुपरचार्जर काढून बाजूला बसणारा घ्यायचा, गोगलगाईच्या शंखासारखा असतो तो. इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यावर फिरतो आणि उंची घेत नाही. दाब, चाकं, पाण्याचा मार्ग, सगळं नव्यानं मांडावं लागेल, महिना जाईल. मालकानं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, तो म्हणतो ते बरोबर आहे. चूक माझी होती. मालकानं झाकणाकडे पाहिलं, हसू दाबलं, आणि महिना दिला.

तो गेल्यावर मला वाटलं, चला, सुटलं. मी पर्स उचलली. तेवढ्यात सूतभर म्हणाला, "उस्ताद, त्या पत्राला मी काल उत्तर टाकलं. येतो म्हणून."

दादानं विचारलं, "कधी?"

"हे इंजिन सुरू झालं की. पोरगी बसणार आहे त्यात, दुसऱ्यावर सोडणार नाही. तोवर आहे."

मी चोर शोधला होता, वेळेत शोधला होता, आणि एक दिवस उशीर झाला होता. मला दादाचा आलेला राग तसाच होता, आणि त्याच्याकडे बघून रडूही येत होतं. इंजिन म्हटलं की जन्मभर ज्याला घाई, तो माझा भाऊ कोरा कागद पुढे ओढून पेन्सिलीला टोक करायला बसला. टोक केव्हाच झालं होतं, तरी तो करतच राहिला.